विंचसाठी वायरलेस रिमोट घ्यायचा आहे. काय तपासून घ्यावा?

माडबागकर (आंजर्ले, ता. दापोली)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे जुनी ४×४ जीप असून तिच्या पुढच्या बंपरवर ९,५०० पौंड क्षमतेचा, १२ व्होल्टवर चालणारा विंच (ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) बसवलेला आहे. हौसेच्या ऑफ-रोडिंगपेक्षा त्याचा उपयोग घरगुती कामांनाच अधिक होतो. पावसाळ्यात बागेच्या उतारावर रुतलेला टेम्पो वर काढणे, वाऱ्याने वाटेवर आडवे झालेले झाड बाजूला करणे आणि आगोटीच्या दिवसांत शेजाऱ्यांची लहान होडी पुळणीवरून भरतीच्या रेषेच्या वर घेणे, अशी ती कामे आहेत.

विंचबरोबर आलेला वायरचा रिमोट अजून चालतो, परंतु त्याची वायर जेमतेम साडेतीन मीटर असल्यामुळे ओढताना दोराच्या अगदी जवळ उभे राहावे लागते. शिवाय ती वायर पायात घोटाळते आणि खाऱ्या हवेने सॉकेटच्या पिनांवर हिरवट थर चढत राहतो. म्हणून वायरलेस रिमोट घ्यावा असा विचार आहे. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, ऑनलाइन मिळणारा दीड-दोन हजारांचा साधा सेट, ज्यावर दोनशे फुटांचा पल्ला छापलेला आहे. दुसरा, विंच बनवणाऱ्या कंपनीचाच सेट, जो त्याच्या कितीतरी पट महाग आहे. आणि तिसरा, मोबाइलच्या अ‍ॅपवरून ब्लूटूथने चालणारा.

पल्ला नेमका किती असावा, पावसात कोणता टिकेल, मध्येच सिग्नल तुटला तर काय होते आणि वायरलेस बसवल्यावर वायरचा रिमोट काढून टाकावा का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाशिष्ठी_इलेक्ट्रिकल (चिपळूण)

नमस्कार. गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो, त्यामुळे त्याच बाजूने लिहितो. आपण तिसऱ्या क्रमांकावर विचारलेला प्रश्न माझ्या मते पहिला आहे. किती फुटांवरून विंच चालू होतो यापेक्षा तो बंद कसा होतो, हे पाहून रिमोट निवडावा.

त्यासाठी आत काय घडते ते थोडक्यात सांगतो. या आकाराच्या विंचची मोटर पूर्ण भाराखाली ४०० अँपिअरच्या आसपास करंट ओढते. एवढा करंट कोणत्याही रिमोटमधून जात नाही. तो बॅटरीपासून जाड केबलने सोलेनॉइडच्या (कॉइलच्या चुंबकाने जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) पेटीत किंवा तेच काम करणाऱ्या एकसंध कॉन्टॅक्टरमध्ये जातो आणि तिथून मोटरला मिळतो. रिमोटचे काम फक्त त्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला थोडासा करंट देणे एवढेच असते. वायरलेस सेटमध्ये हेच काम गाडीवर बसवलेल्या रिसीव्हरमधला छोटा रिले (विजेने चालणारा स्विच) करतो. म्हणजे बटण सोडूनही विंच फिरत राहण्याची कारणे दोनच ठिकाणी शोधायची: एक रेडिओच्या बाजूला, दुसरे कॉन्टॅक्टरच्या संपर्कबिंदूंवर.

रेडिओच्या बाजूचे आधी पाहू. विंचचा रिमोट 'दाबून धरले तरच चालू' याच पद्धतीचा असला पाहिजे. बटण दाबलेले असताना रिमोट सतत संदेश पाठवत राहतो आणि तो येणे थांबले की क्षणार्धात रिसीव्हरने रिले सोडावा, अशी ही रचना असते. बाजारात मिळणारे पुष्कळसे स्वस्त रिसीव्हर मुळात गेट, शटर किंवा पंपासाठी बनवलेले असतात आणि त्यांत 'एकदा दाबले की चालू, पुन्हा दाबले की बंद' हीही सोय असते. आतला जंपर किंवा शिकवण्याचे बटण वापरून ती पद्धत बदलता येते, आणि अनेकदा माल त्याच पद्धतीवर लावून आलेला असतो. पंपाला ते चालेल. विंचवर ते बसवले आणि नेमका त्याच वेळी रिमोटचा सेल मान टाकून बसला, तर हूक फेअरलीडमध्ये, म्हणजे दोर बाहेर पडतो त्या विंचसमोरच्या चौकटीत, येऊन आदळला तरी विंच थांबणार नाही.

याची परीक्षा अंगणात करता येते. विंचचा क्लच सोडून ड्रम मोकळा करावा, हूक बांधलेला नसावा, बटण दाबून धरावे आणि तसेच धरलेले असताना दुसऱ्या माणसाने रिमोटचा सेल काढावा. कॉन्टॅक्टर 'खट्' करून तत्काळ सुटला पाहिजे. नंतर बटण दाबून धरूनच चिरेबंदी भिंतीच्या आड चालत जावे. सिग्नल तुटेल तिथे विंच थांबला पाहिजे, आणि पुन्हा सिग्नल मिळाल्यावर अडखळत का होईना पण बोटाच्या हुकमातच राहिला पाहिजे. या दोन परीक्षांत न उतरणारा सेट कितीही स्वस्त असला तरी परत करावा.

आता दुसरी बाजू, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. इंजिन बंद ठेवून किंवा दुबळ्या बॅटरीवर ओढायला गेले की भार येताच व्होल्टेज खाली जाते, कॉइलची पकड सुटते, भार सुटल्यामुळे व्होल्टेज पुन्हा वर येते आणि कॉइल पुन्हा पकडते. हे असे तडतडणे सुरू झाले की शेकडो अँपिअरच्या ठिणग्यांनी संपर्कबिंदू वितळून एकमेकांना चिकटतात. त्यानंतर आपण बटण सोडा, रिमोट खाडीत फेका, विंच फिरतच राहतो. हा दोष कोणत्याही कंपनीच्या रिमोटने टळत नाही. त्यावर उपाय म्हणजे बॅटरी आणि विंच यांच्यामध्ये विंचच्या पूर्ण करंटला पुरेल असा मेन कट-ऑफ स्विच, आणि तोही बोनेट न उघडता हात पोहोचेल अशा जागी. आपल्या गाडीला तो नसेल तर आधी त्यावर खर्च करावा, रिमोट त्यानंतर.

वायरचा रिमोट मात्र काढून टाकू नये. सेल संपला, रिमोट हरवला किंवा रिसीव्हरमध्ये पाणी शिरले, तर तोच कामाला येतो. फक्त दोन्ही एकाच वेळी जिवंत ठेवू नयेत. चार सोलेनॉइडच्या जुन्या पेटीत एकाने वायरच्या रिमोटवर 'आत' आणि दुसऱ्याने वायरलेसवर 'बाहेर' दाबले, तर बॅटरीची दोन टोके थेट जोडल्यासारखी होतात आणि पुढचे सांगायला नको. म्हणून दोन्हींच्या मध्ये साधा निवड-स्विच टाकावा. रिसीव्हरमध्येही दोन्ही दिशा एकदम लागणार नाहीत असा अटकाव आहे का, हे विचारून घ्यावे.

खाडीपलीकडचा (अलिबाग)

वरच्या उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. किनाऱ्यावर रुतलेल्या गाड्या बाहेर काढण्याच्या कामात आमचा चार-पाच जणांचा गट असतो, त्यामुळे पल्ला आणि उभे राहण्याची जागा यांविषयी थोडे लिहितो.

दोनशे फुटांचा दावा हा मोकळ्या मैदानावर, नव्या सेलवर आणि रिमोट हवेत उंच धरून केलेला असतो. आपल्याकडच्या भिजलेल्या पोफळीच्या बागेत, मध्ये गाडीचा पत्रा असताना तो निम्माही उरत नाही. पण त्याची हळहळ करण्याचे कारण नाही, कारण या आकाराच्या विंचवर साधारण २५ ते ३० मीटर दोर असतो आणि त्याहून दूर उभे राहून ओढणे मुळात योग्यच नाही. दोर ड्रमवर एका बाजूला ढीग करून गुंडाळला जात आहे का, झाडाला बांधलेला पट्टा सरकतो आहे का, टेम्पोचे चाक दगडाला अडले आहे का, हे डोळ्यांना दिसलेच पाहिजे. अडथळ्यासकट खात्रीचे ३० मीटर मिळाले की पल्ल्याचा विषय संपला असे समजावे.

वायरलेसचा खरा लाभ हा, की दोराच्या रेषेतून बाजूला होऊन, ताणलेल्या दोराच्या लांबीपेक्षा अधिक अंतरावर, पण दोन्ही टोके दिसतील अशी जागा आपल्याला निवडता येते. कप्पी लावून दोर वळवला असेल तर त्या वळणाच्या आतल्या बाजूला कोणीही उभे राहू नये. कप्पी किंवा तिचा पट्टा सुटला तर ती त्याच दिशेने येते. पुळणीवर ओढाओढ सुरू झाली की बघ्यांची गर्दी होते आणि ती नेमकी त्याच कोनात जाऊन उभी राहते. रिमोट हातात असलेल्या माणसाने अशा वेळी बटणावरून बोट काढून आधी लोकांना मागे घ्यावे. भरती चढत असताना घाई होते हे खरे आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांच्या थोडे वर वेळ असतो आणि त्यातला बराचसा आधीच वाया गेलेला असतो. तरीही गर्दी मागे सरल्याखेरीज ओढू नये.

फ्रिक्वेन्सीविषयी दोन शब्द. साधे सेट बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात, ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर. ओली पाने, पाण्याचा पडदा आणि माणसाचे शरीर या तिन्ही गोष्टी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक शोषतात, त्यामुळे पावसाळी झाडीत ४३३चा सेट तुलनेने भरवशाचा वाटतो. अ‍ॅपला तर माझा सरळ विरोध आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात ओल्या बोटांनी ओल्या काचेवर विंच चालवायचा, आणि काचेवर पडलेला थेंब हेच बोट आहे असे फोनने मानायचे, हा प्रकार मला पटत नाही. ज्यावर उंचवटा आहे, जे अंधारात आणि हातमोज्यातूनही चाचपता येते, असेच बटण हवे. विंचची बॅटरी किती शिल्लक आहे हे दाखवण्यासाठी अ‍ॅप असेल तर असू द्यावे.

सह्यकडा४×४ (पोलादपूर)

मी थोडे वेगळे मत मांडतो. चांगली, लांब वायर असलेला रिमोट हा आजही सर्वांत विश्वासाचा आहे, आणि एकट्याने वापरायचा असेल तर साडेतीन मीटरच्या जागी सात-आठ मीटरची जाड वायर बसवून घेतली तरी आपल्या निम्म्या तक्रारी मिटतील. आपल्या कामांत होडी आणि टेम्पो असल्यामुळे माणसे जास्त असतात, म्हणून वायरलेसची गरज मी नाकारत नाही. पण तो घेताना त्याचा कोड कोणत्या प्रकारचा आहे हे पाहावे, कारण यावर वर कोणी लिहिलेले नाही.

स्वस्त सेटमध्ये ठरलेला, कधीच न बदलणारा कोड असतो. जुन्या धाटणीच्या रिमोटमध्ये आठ छोटे खटके असत, म्हणजे एकूण २५६ जुळण्या, आणि काही सेटमध्ये तर पत्त्याच्या, म्हणजे कोड ठरवणाऱ्या, सगळ्या जागा मोकळ्याच सोडलेल्या असतात, त्यामुळे एकाच खोक्यातले सगळे रिमोट एकमेकांचे रिसीव्हर चालवू शकतात. पुढच्या पिढीच्या चिपमध्ये २० बिटांचा कोड आला, म्हणजे दहा लाखांहून अधिक जुळण्या. तिथे योगायोगाने कोड जुळण्याची भीती जवळजवळ उरत नाही. त्याहून वरचा प्रकार म्हणजे प्रत्येक दाबाला बदलणारा रोलिंग कोड, जो गाड्यांच्या चाव्यांमध्ये वापरतात. आठ-दहा गाड्या एकत्र जाणाऱ्या गटात एकाच दुकानातून घेतलेले सेट असतील, तर निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपापले बटण दाबून दुसऱ्याचा विंच हलत नाही ना, हे पाहून घ्यावे. दुसऱ्याचे बोट आपल्या हुकाजवळ असताना हा शोध लागू नये.

आणखी एक. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या अशा बिनतारी उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची मान्यता लागते. विक्रेत्याला तिचा क्रमांक विचारावा. उत्तर आले नाही, तर सेट बिघडल्यावरही उत्तर येणार नाही असे धरून चालावे.

माडबागकर (आंजर्ले, ता. दापोली)

सर्वांचे मनापासून आभार. अ‍ॅपचा पर्याय बाद केला. कट-ऑफ स्विच गाडीला नाही, तो आधी बसवून घेतो.

मल्टिमीटर लावून पाहिले, तेव्हा पेटीच्या कॉइल ओढताना एकूण साधारण साडेचार अँपिअर घेताना दिसल्या. त्या मानाने रिसीव्हरचा रिले किती अँपिअरचा असावा? दुसरे असे, की जीप पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे शेडमध्ये उभी असते, तर रिसीव्हर सतत जोडलेला राहिल्यास बॅटरी उतरेल का? आणि खाऱ्या हवेत रिमोटचा सेल व रिसीव्हर टिकवण्यासाठी काय करावे?

वाशिष्ठी_इलेक्ट्रिकल (चिपळूण)

आपण मोजून पाहिलेत हे उत्तम झाले. साडेचार अँपिअरसाठी १० अँपिअरचा रिले पुरे, परंतु तो आकडा साध्या भाराचा असतो आणि कॉइल हा साधा भार नव्हे. कॉइलचा करंट तोडला की उलट दिशेने मोठ्या व्होल्टेजचा झटका येतो आणि तो दर वेळी रिलेच्या संपर्कबिंदूंवर ठिणगी पाडतो. म्हणून प्रत्येक दिशेच्या कॉइलवर एकेक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा सुटा भाग) उलटा जोडून घ्यावा. काही रुपयांची वस्तू आहे, पण रिसीव्हरचे आयुष्य तिच्यावर अवलंबून असते. दिशा चुकू देऊ नये. डायोडवरच्या पट्टीचे टोक कॉइलच्या धन बाजूला येते. रिसीव्हरच्या धन वायरवर साडेसात अँपिअरचा फ्यूज टाकावा.

बॅटरीचे गणित सोपे आहे. रिसीव्हर स्वस्थ बसून १५ मिलिअँपिअर घेत असेल, तर महिन्याला १०.८ अँपिअर-तास होतात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी दोन महिने शेडमध्ये राहिली, तर तिच्यातला तिसऱ्या भागाहून अधिक साठा यातच जाईल, आणि दमट हवेत बॅटरी आपोआप उतरते ती वेगळीच. काही रिसीव्हर थोड्या वेळाने झोपी जातात, पण त्यावर विसंबण्यापेक्षा डॅशबोर्डवर छोटा स्विच देऊन रिसीव्हरचा पुरवठाच तोडावा. तो स्विच बंद असताना खिशातल्या रिमोटचे बटण दाबले गेले तरी काही होत नाही, हा दुसरा लाभ. हूक हाताळणारा माणूस बाजूला होईपर्यंत तो स्विच चालूच करू नये.

रिसीव्हर बंपरवर विंचजवळ बसवण्याचा मोह होतो, कारण वायर कमी लागते. तसे करू नये. पुळणीवरचे खारे पाणी आणि चिखल तिथेच उडतो. तो बोनेटखाली फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) वरच्या भागात, सायलेन्सरच्या पाइपापासून दूर आणि वायरा खालच्या बाजूने बाहेर पडतील असा लावावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी आत न शिरता खाली टपकते. आयपी ६७ असा शिक्का असला, तर त्याचा अर्थ एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, एवढाच. मीठ वर्षभर काय करते याची परीक्षा त्यात नसते. सॉकेट आणि जोडांवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारे) ग्रीस लावावे आणि नंतर हीट-श्रिंक (उष्णतेने आवळून बसणारी) नळी चढवावी.

रिसीव्हरमधून साधारण १७ सेंटिमीटरची एक सुटी वायर बाहेर आलेली दिसेल. ती अँटेना आहे. ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरीच्या लांबीचा तो चौथा भाग असतो, म्हणून ती तेवढीच असते. बिनकामाची समजून ती कापलेले किंवा सुबक दिसावे म्हणून गुंडाळी करून पत्र्याला चिकटपट्टीने बांधलेले सेट माझ्याकडे 'पल्ला मिळत नाही' या तक्रारीसह येतात. ती सरळ आणि पत्र्यापासून सुटी राहू द्यावी.

सेलबाबत: शक्यतो सीआर२०३२चा रिमोट घ्यावा, तो दापोलीतही कुठेही मिळेल. काही सेटमध्ये १२ व्होल्टचा ए२३ किंवा त्याहून बारीक २७ए असतो. हे दोन्ही दिसायला सारखे पण एकमेकांच्या जागी बसत नाहीत, तेव्हा कोणता आहे ते पाहून एक जादा गाडीत ठेवावा. झाकणाला रबरी रिंग आणि स्क्रू असलेला रिमोट निवडावा. पावसाळ्यानंतर सेल काढून टोके स्पिरिटने पुसावीत.

खाडीपलीकडचा (अलिबाग)

होडीच्या कामासाठी एक पुरवणी जोडतो. पुळणीवर होडी ओढताना ती ओंडक्यांवरून घरंगळते, आणि ओंडके सरकवणारी माणसे होडीला खेटून उभी असतात. रिमोट त्यांच्यापैकी कोणाकडेही देऊ नये, होडीच्या मालकाकडे तर नाहीच, कारण त्याचे लक्ष होडीच्या तळाकडे असते. जीपच्या बाजूला थोडे उंचावर, दोन्हीकडचे दिसेल अशा जागी एकच माणूस उभा करावा आणि 'थांब' ही हाक कोणीही दिली तरी त्याने आधी बोट उचलावे, थांबण्याचे कारण नंतर विचारावे. दोन रिमोट असलेला सेट मिळाला तर दुसरा घरीच ठेवावा.

माडबागकर (आंजर्ले, ता. दापोली)

दुसऱ्या रिमोटचे लक्षात आले नव्हते. ४३३ मेगाहर्ट्झचा, रोलिंग कोडचा आणि दाबून धरण्याच्या पद्धतीचा सेट मागवतो आहे. विक्रेत्याकडे ईटीए क्रमांक मागितला आहे. वाशिष्ठी साहेब, कट-ऑफ स्विचवर ५०० अँपिअर असे लिहिलेले असले तरी तो आकडा सतत वाहणाऱ्या करंटचा आहे की क्षणिक, हे खोक्यावर दिलेले नाही. कसे ओळखावे?

वाशिष्ठी_इलेक्ट्रिकल (चिपळूण)

खोक्यावर नुसता एकच आकडा असेल तर तो क्षणिकच समजावा. चांगल्या स्विचवर सतत, पाच मिनिटे आणि काही सेकंद असे वेगवेगळे आकडे छापलेले असतात. आपण पाच मिनिटांचा पाहावा आणि तो ४०० अँपिअरच्या वर असावा, कारण विंचही मिनिटभर ओढून मग गार होऊ द्यायचा असतो. खरेदीपूर्वी स्विचच्या मागचे बोल्ट पाहावेत. विंचच्या केबलचे लग (टोकाची धातूची कडी) ज्यावर सपाट बसत नाहीत, असा बारीक बोल्टाचा स्विच आकडा काहीही असला तरी घेऊ नये.